दहा मीटर एअर पिस्तूल हाताला बसवताना : ग्रिप, ट्रिगर, साइट आणि वजनं

नवी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, हातात आली की पहिल्याच दिवशी तिला कानस लावायची नसते. पार्ट पिस्तुलावर चढवायला पंधरा मिनिटं पुरतात. तो हाताला बसला की नाही, हे कळायला दोन-तीन आठवड्यांचा सराव लागतो. नवशिक्यांची बहुतेक नासधूस या दोन गोष्टींच्या मधल्या घाईत होते. कापलेलं लाकूड परत येत नाही. एकाच दिवशी ग्रिप, ट्रिगर आणि साइट (नेम धरायची पुढची पाती आणि मागची खाच) अशी तिन्ही बदलली, तर मार, म्हणजे शॉट पडण्याची जागा, कशामुळे सुधारला किंवा बिघडला हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा : आधी ग्रिप, मग ट्रिगर, मग साइट, आणि वजनं सगळ्यात शेवटी. ग्रिप बदलली की ट्रिगरपर्यंत बोट पोचण्याचा कोन बदलतो आणि साइटची रेषही बदलते. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

हा लेख ४.५ मिमीच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलासाठी आहे. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ किंवा हॅमर्ली यांपैकी काहीही असलं तरी मूळ पद्धत तीच. .२२ स्पोर्ट पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायला परवाना लागतो. त्यामुळे .२२ च्या ट्रिगर यंत्रणेला, बॅरलला किंवा बोल्टला घरी हात लावायचा नाही, ते परवानाधारक आर्मररचं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. त्याची लाकडी ग्रिप हाताला बसवताना पुढची माहिती उपयोगी पडेल, पण तीही आर्मररला विचारूनच बसवा.

नियमांची चौकट आधी डोक्यात हवी

पार्ट विकत घेण्याआधीच आंतरराष्ट्रीय नियमांतले काही आकडे पाठ करा, कारण स्पर्धेच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर तेच तपासले जातात. दहा मीटर एअर पिस्तुलाचं सगळं मिळून वजन १५०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. पिस्तूल सगळ्या जोडण्यांसकट ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. साइट उघडीच हवी, भिंग किंवा दुर्बीण चालत नाही.

ग्रिपचे नियम जास्त फसवे आहेत. ग्रिपचा कोणताही भाग हाताभोवती वेढा घालणारा नको. तळहाताची कड जिच्यावर टेकते ती पट्टी, म्हणजे पाम रेस्ट, ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये आणि तिची कड वर वळलेली नको. अंगठा वरच्या बाजूला मोकळा उचलता आला पाहिजे. पुट्टी भरताना नेमके हेच नियम मोडतात. पाम रेस्टच्या कडेला पुट्टीचा छोटासा ओठ तयार होतो, हाताला तो फार छान वाटतो, आणि टेबलावर तो बाद ठरतो.

सामान

१.५, २, २.५, ३ आणि ४ मिमीच्या चांगल्या ॲलन की घ्या. स्वस्त संचातल्या किल्ल्यांचे कोपरे लवकर गोल होतात आणि मग स्क्रूचं डोकंही खराब करतात. त्याशिवाय बारीक टोकाचे दोन स्क्रूड्रायव्हर, वर्नियर कॅलिपर, अर्धगोल मरतूल (लाकूड घासायची खरबरीत कानस), एक गोल बारीक कानस आणि ८०, १५०, २२० नंबरचे पॉलिश पेपर लागतील. एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, किचनमधली क्लिंग फिल्म, नायट्राइल हातमोजे, धुळीचा मास्क, कापडी टेप आणि मुलांची खेळण्याची प्लास्टिसिन माती हेही जमवा. थोडी गेरूची पूड ठेवा, सुताराकडे मिळते. नाशिकमध्ये रविवार कारंजा आणि मेन रोडच्या बाजूला फिरलात तर यातलं जवळपास सगळं एका फेरीत मिळतं.

एक वही हवी. प्रत्येक बदलाची तारीख, कोणता स्क्रू किती फिरवला आणि त्यानंतर काय दिसलं हे तीन रकान्यांत लिहा. मोबाइलवर काढलेले फोटो शोधत बसण्यापेक्षा वही लवकर उघडते.

काम सुरू करण्याआधी

लिव्हर (पेलेट भरताना उघडायचा दांडा) उघडा, चेंबरमध्ये पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, नाही हे डोळ्यांनी बघा आणि बॅरलमधून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण असलेली रंगीत दोरी, आरपार घाला. मग हवेचा सिलिंडर हाताने सोडवून काढा. सिलिंडर काढल्यावरही आत थोडी हवा अडकलेली असते. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून, फ्लॅग तेवढ्यापुरता काढून, एकदा कॉक करून (ट्रिगर यंत्रणा ताणून) रिकामा ट्रिगर दाबा म्हणजे ती निघून जाते. फ्लॅग परत घाला. घरात कुणी असेल तर पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा.

सिलिंडरबद्दल आत्ताच सांगून टाकतो, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला संधी मिळत नाही. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत कोरडी, गाळलेली हवा भरतात. वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन कधीही भरू नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. आट्यांवर मशीन ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, ओ-रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस नावापुरतं पुरतं. सिलिंडर हाताने आवळायचा, पाना लावायचा नाही. त्याचा व्हॉल्व्ह घरी खोलायचा नाही. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती वाचा. दहा वर्षांची मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि घरीही वापरू नये.

ग्रिप

एवढं सांभाळलं की ग्रिपकडे वळायचं. वेळ, पैसा आणि मेहनत यांतलं निम्म्याहून जास्त इथेच घालवा, कारण पिस्तूल आणि तुमच्या शरीरातला एकमेव जोड हाच आहे.

मागवताना साइज अंदाजाने सांगू नका. हात कागदावर बोटं किंचित फाकवून ठेवा, उभ्या पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या घडीपर्यंतची लांबी आणि चार बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी मिमीमध्ये मोजा. विक्रेत्याला हा कागदच पाठवा. दोन साइजच्या मध्ये असाल तर मोठी घ्या. मोठी ग्रिप कमी करता येते. छोटी वाढवताना इतकी पुट्टी लागते की शेवटी लाकडापेक्षा पुट्टीच धरत बसता. उजवी की डावी, आणि नेमकं कोणतं मॉडेल, हे दोनदा लिहून कळवा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या ग्रिप एकमेकींना बसतीलच असं नाही.

जुनी ग्रिप बहुतेक मॉडेलमध्ये तळातून वर जाणाऱ्या एकाच लांब स्क्रूने धरलेली असते. तो सोडवताना वॉशर कोणत्या क्रमाने निघाले याचा फोटो काढा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल असेल तर ग्रिप झटक्याने ओढू नका, आधी बॅटरी आणि वायरची जागा बघून घ्या.

नवी ग्रिप फ्रेमवर सरकवताना हातोडी नाही, जोरही नाही. अडकली तर फ्रेमच्या कडांवर शिसपेन्सिल घासा, ग्रिप जाईल तेवढी घालून काढा. लाकडात जिथे काळं उमटलं तिथेच घासायचं, एका वेळी पेपरचे चार-पाच हात, आणि परत घालून बघायचं. घासायचं ते लाकूड, फ्रेम कधीच नाही. उलट ग्रिप सैल असेल तर फटीत पोस्टकार्डाच्या जाडीची पट्टी घालून बघा. थोडासा खेळही चालत नाही, कारण ट्रिगर दाबताना ग्रिप पाव मिमी हलली तरी साइट हलते.

स्क्रू टेकेपर्यंत आवळा आणि मग जेमतेम अष्टमांश फेरा. जास्त आवळला तर अक्रोडाचं लाकूड तंतूच्या दिशेने चिरतं, आणि ती चीर आधी तळाशी, नजरेआड पडते. आता लिव्हर पूर्ण उघडतो का, ट्रिगर कुठे लाकडाला घासतो का, हे तपासा. इथवर नुसतं बसवणं झालं, खरं काम यापुढे.

पिस्तूल दुसऱ्या हाताने नळीकडून धरा आणि मारणाऱ्या हातात घाला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा ग्रिपच्या वरच्या मागच्या वळणात जाईल तेवढा वर दाबा, मग तीन बोटं एकामागून एक मिटा. भार मधल्या बोटावर, अनामिकेवर थोडा कमी, करंगळी नुसती टेकलेली, अंगठा सैल. दर वेळी अगदी असंच धरायचं. पकड रोज वेगळी पडत असेल तर पुढची कुठलीही चाचणी खरी उत्तरं देणार नाही.

मग मुख्य चाचणी. मारायच्या स्थितीत उभे राहा, डोळे मिटा, हात उचला, नेमाच्या उंचीवर आणा, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत कुठे आहे? मनगट हलवून दुरुस्त करू नका, फक्त बघा आणि वहीत लिहा. असं एका बैठकीत दहा वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही दिवशी एकच दोष दिसला तरच तो ग्रिपचा. एखाद्या दिवशीच दिसला तर तो तुमच्या उभं राहण्याचा.

उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी उपाय असे. फ्रंट साइट खाचेत खाली बुडत असेल, तर ग्रिपच्या मागच्या बाजूला खाली, तळहाताची टाच टेकते तिथे भर हवी. तिथे भर पडली की ग्रिपचा तळ पुढे जातो आणि नळी वर येते. फ्रंट साइट वर येत असेल तर भर वर, खळग्याच्या बाजूला. फ्रंट साइट डावीकडे दिसत असेल तर ग्रिपच्या उजव्या अंगाला मागे भर घाला, म्हणजे मागचा भाग डावीकडे सरकून नळी उजवीकडे वळते. उजवीकडे दिसत असेल तर भर उजव्या अंगालाच, पण पुढे, बोटांच्या मुळांखाली. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं. काही मॉडेलमध्ये ग्रिपचा कोन बदलायचे स्क्रू असतात. ते असतील तर लाकूड-पुट्टीला हात लावण्याआधी ते वापरून संपवा.

भर घालायची तीही आधी पुट्टीने नाही. कापडी टेपच्या दोन-तीन घड्या किंवा प्लास्टिसिनची चपटी गोळी तिथे दाबा आणि चाचणी पुन्हा करा. अंदाज चुकला तर टेप सोलून काढायची, नुकसान शून्य. टेपसह आठवडाभर सराव करून बरं वाटलं तरच पुट्टी.

कापायचं कुठे हे गेरू सांगतो. तळहातावर कोरड्या गेरूचा हात फिरवा, पकड घ्या, दहा सेकंद धरा, सोडा. जिथे गडद ठसा उमटला तिथे ग्रिप बोचते. तर्जनीच्या मुळाचं हाड आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा ही नेहमीची ठिकाणं. मरतुलीचे मोजून पाच-सहा हात, मग पेपर, मग परत गेरू. एका बैठकीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढू नका. एक जागा मात्र हमखास कापावी लागते : तर्जनी. ट्रिगरवरचं बोट ग्रिपला कुठेही टेकता कामा नये, बोट आणि लाकूड यांच्यामध्ये २-३ मिमी उजेड दिसायला हवा. बोट टेकलं की ट्रिगर सरळ मागे न येता दाब बाजूला पडतो आणि मार आडवा पसरतो. अक्रोडाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क लावूनच घासा.

पुट्टीची पद्धत. जिथे भरायचं तिथलं पॉलिश ८० नंबरने पूर्ण खरवडा, नाहीतर पुट्टी काही दिवसांत पोपडा होऊन निघेल. हातमोजे घालून दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकजीव होईपर्यंत मळा. रेघा दिसत असतील तर अजून मळा, अर्धवट मिसळलेली पुट्टी आत मऊच राहते. एका थरात ३-४ मिमीपेक्षा जास्त नको. भरून झाल्यावर ओल्या बोटाने सारखी करा, मारणारा हात क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, नेहमीसारखी पकड घ्या, अर्धा मिनिट धरा आणि हात सरळ बाहेर काढा. दाबायचं ते मारताना दाबता तेवढंच. आवळून दाबलं तर आवळलेल्या हाताचा साचा तयार होतो आणि मग प्रत्येक शॉटला तितकंच आवळावं लागतं. २४ तास हात लावू नका.

आणि सगळे खळगे भरू नका. ग्रिप म्हणजे हाताचा साचा ही समजूत नवशिक्यांना फार महागात पडते. हात रोज सारखा नसतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो फुगलेला असतो, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, पारा दहाच्या खाली उतरलेला असताना, आकसलेला. पूर्ण भरलेल्या ग्रिपमध्ये उन्हाळ्यातला हात शिरत नाही आणि थंडीतला खुळखुळतो. तळव्याच्या मध्यभागी थोडी पोकळी राहिली तर बिघडत नाही, उलट नाडीचे ठोके पिस्तुलात कमी उतरतात. आधार लागतो तो मागच्या वळणाला, मधल्या बोटाखाली, तळव्याच्या टाचेला आणि पाम रेस्टवर.

पाम रेस्ट सगळ्यात शेवटी. हात पूर्ण वर बसवून ती खालून सरकवत आणा. तळहाताच्या कडेला लागली की थांबा, मग एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये जाईल इतकी खाली घ्या. करंगळीला मुंग्या येत असतील तर ती घट्ट आहे. हात शॉटगणिक खाली सरकत असेल तर सैल. पंधरा मिनिटं सराव झाल्यावर परत बघा, कारण गरम झालेल्या हाताला सकाळची जागा पुरत नाही. ऋतू बदलला की ही जागा बदलणारच, दोन्ही ऋतूंच्या खुणा पेन्सिलीने लावून ठेवा.

शेवटचा हात १५० आणि मग २२० नंबरचा. त्यापुढे गुळगुळीत करू नका, घामात हात सटकतो. व्हार्निशही नको. जवसाचं उकळलेलं तेल, हार्डवेअरवाले त्याला डबल बॉइल्ड लिनसीड म्हणतात, पातळ लावून पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. एक दिवस वाळू द्या, असे दोन-तीन हात. तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. नाशिकच्या पावसाळ्यात उघडं लाकूड हवेतलं पाणी ओढून फुगतं, जून उजाडायच्या आत हे काम झालेलं बरं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओल्या हाताने मारून झाल्यावर केस लगेच बंद करू नका.

ट्रिगर

ग्रिप पंधरा दिवस न बदलता टिकली की ट्रिगर. आधी त्याची जागा. ट्रिगरचं पातं पट्टीवर पुढे-मागे सरकतं. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर आला आणि बोटाचं मधलं पेर नळीला समांतर राहिलं की जागा बरोबर. पातं जवळ असेल तर बोट जास्त आत शिरतं आणि उजव्या हाताचा मार उजवीकडे ओढला जातो. लांब असेल तर टोकाने ढकलला जाऊन डावीकडे.

मग वजन. नियम किमान ५०० ग्रॅम म्हणतो, तुम्ही ५१५ ते ५२० ठेवा. स्प्रिंग तापमानाने आणि वापराने थोडी बदलते, आणि टेबलावर ४९८ निघालं तर कारणं ऐकायला कुणी बसलेलं नसतं. तपासायचं वजन घरी करता येतं. अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली, तारेचा आकडा आणि पाणी मिळून नेमकं ५१० ग्रॅम करा. किराणा दुकानाचा काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे एकदा सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीवर नेऊन बाटली काट्यावर ठेवा आणि झाकणाला सील करा. पिस्तूल सिलिंडरसह, पेलेटशिवाय कॉक करा, नळी सरळ वर करा, आकडा पात्याच्या मध्यावर अडकवा आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचला. सलग तीन वेळा ट्रिगर सुटला नाही तर पास. बाटली हेलकावे खात असेल तर निकाल खोटा येतो, ती स्थिर होऊ द्या.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये (आधी अडेपर्यंतची ओढ, मग शॉट सोडणारा शेवटचा दाब) पहिल्या टप्प्याला ३५० ते ४०० ग्रॅम आणि उरलेले दुसऱ्याला, ही नवशिक्यासाठी चांगली सुरुवात. पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड ठेवला की भिंतीवर अडकल्यासारखं होतं आणि माणूस शेवटी झटका देतो. प्रत्येक स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर आणि बाजूच्या धातूवर बारीक मार्करने एक रेघ ओढा. फिरवायचं पाव फेरा, जास्त नाही. कोणता स्क्रू कशाचा, हे मॅन्युअल उघडून बघा. पहिल्या टप्प्याचं वजन, त्याची लांबी, दुसऱ्याचं वजन, सिअरची (शॉट सुटेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड आणि पातं मागे थांबवणारा स्टॉप हे शेजारीशेजारी असतात आणि दिसतात सारखेच.

यातल्या सिअरच्या स्क्रूला सुरुवातीला हात लावू नका. पकड कमी केली की ट्रिगर काचेसारखा तुटतो म्हणून मोह होतो, पण फार कमी झाली तर लिव्हर जोरात बंद करताना शॉट आपोआप सुटतो. चुकून फिरवलाच असेल तर पेलेटशिवाय कॉक करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, ग्रिपचा तळ रबरी मॅटवर हलकेच पाच-सहा वेळा आपटा. एकदाही सुटला तर मूळ खुणेवर परत या. मागचा स्टॉपही फार जवळ आणू नका. शॉट सुटण्याआधीच पातं थांबलं तर पिस्तूल कधी सुटतं, कधी सुटत नाही.

साइट

फ्रंट साइटची पाती ४, ४.५ आणि ५ मिमी रुंदीत मिळतात. नवशिक्याने ४.५ घ्यावी आणि रिअर साइटची खाच इतकी उघडावी की फ्रंटच्या दोन्ही बाजूंना तिच्या निम्म्या रुंदीएवढा उजेड दिसेल. खाच अरुंद केली की जास्त अचूक वाटतं. प्रत्यक्षात डोळा त्या बारीक फटी सारख्या करण्यात अडकतो, ट्रिगर लांबतो आणि हात थरथरायला लागतो. रेंजवर उजेड कमी असेल तर खाच थोडी अजून उघडा.

पातं बदलताना छोटा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) पूर्ण बाहेर काढू नका, तो फरशीवर पडला की सापडत नाही. दोन फेरे सैल करा, पातं सरकवा, नवं तळापर्यंत बसलं हे बोटाने दाबून बघा, आवळा. किल्लीचं लांब टोक स्क्रूमध्ये आणि छोटं टोक दोन बोटांत धरा, म्हणजे नको तेवढा जोर लागतच नाही.

रिअर साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला मार सरकतो. साइट रेडियस, म्हणजे फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर, ३२० मिमी असेल तर रिअर साइट ०.१ मिमी हलली की १० मीटरवर मार साधारण ३ मिमी जातो. टार्गेटवर दोन कड्यांमधलं अंतर ८ मिमी आहे, दहाच्या कड्याचा व्यास ११.५ मिमी आणि काळ्या वर्तुळाचा ५९.५. यावरून एक कडं सरकवायला किती क्लिक लागतील हे पाच शॉटच्या गटावर एकदाच काढा आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. काही जर्मन पिस्तुलांवरची अक्षरं मार कुठे हवा ते सांगत नाहीत, मार कुठे पडतो आहे ते सांगतात. म्हणून पहिल्यांदा पाच क्लिक फिरवून गट कुठे गेला ते बघा, मगच खुणेवर विश्वास ठेवा. आणि एकेका शॉटवर साइट हलवायची नाही, किमान पाचच्या गटाचा मध्य धरायचा.

वजनं

पहिले सहा महिने वजनं लावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे लावलेले २० ग्रॅम पहिल्या वीस शॉटला नळी शांत ठेवतात. पण पात्रता फेरी ६० शॉटची असते, आणि चाळिसाव्या शॉटनंतर तेच २० ग्रॅम खांद्यातून उतरतात. साठही शॉट सारख्या ताकदीने होत असतील तर दहा-दहा ग्रॅमच्या टप्प्याने वाढवा.

कंपनीची वजनं महाग वाटत असतील तर सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही लेथवर ती निघतात. १२ मिमी व्यासाचा, २० मिमी लांबीचा भरीव तुकडा पितळेत सुमारे १९ ग्रॅम भरतो, स्टीलमध्ये १८ आणि ॲल्युमिनिअममध्ये ६. भोक पाडलं की तेवढं वजन कमी होणार, हे धरूनच लांबी सांगा. जुना तुकडा नमुना म्हणून द्या, तोंडी माप सांगू नका, आणि कडा मारून घ्यायला सांगा. वजन ४२० मिमीच्या पेटीबाहेर डोकावता कामा नये.

हे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात. त्यांना लॉकटाइट २२२ सारखं कमी ताकदीचं थ्रेडलॉक, म्हणजे आटे पकडून ठेवणारा गोंद, सुईच्या टोकाएवढं लावा. लाल लावलं तर स्क्रू तापवल्याशिवाय निघत नाही. ट्रिगर आणि साइटच्या समायोजनाच्या स्क्रूंना मात्र कोणतंच थ्रेडलॉक नाही.

मारून बघणं

सगळं बसल्यावर पिस्तूल आधी टेकवून मारा. वाळूच्या छोट्या उशीवर हात ठेवून पाच-पाच शॉटचे तीन गट घ्या. ते एकाच जागी पडत असतील तर जोडणी पक्की आहे. गट दोन ठिकाणी फुटत असतील तर ग्रिपचा स्क्रू, मग फ्रंट साइट, मग रिअर साइट, या क्रमाने सैलपणा शोधा. पेलेट बदलून बघायचं ते त्यानंतर. शंभर शॉट झाल्यावर प्रत्येक स्क्रूला किल्ली लावून नुसती तपासणी, मग पाचशेनंतर.

हा कंटाळवाणा भाग टाळू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. इतक्या वरच्या पातळीवर हे होऊ शकतं, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत नक्कीच होऊ शकतं.

स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीला किंवा मुंबईत वरळीला जाताना केसमध्ये जास्तीचं फ्रंट पातं, दोन ग्रब स्क्रू, ग्रिपचा एक जास्तीचा स्क्रू, सिलिंडरच्या ओ-रिंग, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी, लागणाऱ्या मापांच्या ॲलन की आणि वहीतल्या शेवटच्या पानाची झेरॉक्स ठेवा. पिस्तूल बसमध्ये, स्टँडवर किंवा हॉटेलच्या गॅलरीत केसबाहेर काढू नका, लांबून पाहणाऱ्याला ते एअर पिस्तूल आहे हे कळत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, पाम रेस्टसुद्धा त्या ऋतूच्या खुणेवरच. रेंजवर पोचलात की आधी इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर जा, आणि ट्रिगर कमी भरलाच तर वाढवायला अर्धा तास हाताशी राहील अशा बेताने जा.